कोल्हापूरहून किती लांब? अंतर आणि वेळेचा हिशेब, पहिल्यांदा मांडणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात "नागपूर किती लांब आहे हो?" असं विचारलं तर तीन माणसं तीन आकडे सांगतील आणि तिघांचंही बरोबर असेल. एक म्हणेल ७१० किलोमीटर, दुसरा ८००, तिसरा १२१५. पहिल्याने नकाशावर सरळ रेघ मारलेली असते, दुसरा गाडी चालवत गेलेला असतो आणि तिसऱ्याने महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढलेलं असतं.

शिवाजी विद्यापीठात विदर्भातून शिकायला आलेली मुलं, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नव्याने लागलेले, बदली होऊन आलेले बँकवाले, या सगळ्यांना दिवाळीच्या आधी महिनाभर हा प्रश्न पडतोच. गल्लीत विचारून उपयोग नाही. आमच्याकडे सगळंच जवळ असतं. "लांब हाय व्हय?" "न्हाई वो, रात्री बसलं की सकाळी हजर!" हे उत्तर पुण्यालाही मिळतं, तिरुपतीलाही आणि दिल्लीलाही. म्हणून हा हिशेब आपला आपण कसा मांडायचा ते क्रमाने सांगतो. माझं एकच म्हणणं आहे. किलोमीटरवर जाऊ नका, तासांवर जा. आणि तास मोजायचे ते खोलीला कुलूप लावल्यापासून पलीकडच्या घराची बेल वाजेपर्यंत.

पायरी १: गाव तेच आहे ना, ते बघा

हे हास्यास्पद वाटेल, पण मोबाइलच्या नकाशात पहिली चूक इथेच होते. विजापूर टाकलं तर कर्नाटकातलं, म्हणजे आताचं विजयपुरा, हवं असतं आणि नकाशा छत्तीसगडमधल्या बीजापूरला नेऊन ठेवतो. औरंगाबाद बिहारमध्येही आहे. बिलासपूर छत्तीसगडमध्ये आहे तसं हिमाचलमध्येही. उदयपूर राजस्थानात आणि त्रिपुरातही. इतकंच काय, तेलंगणात कोल्लापूर नावाचं गाव आहे आणि इंग्रजी स्पेलिंगात एका अक्षराची गडबड झाली की प्रवास तिथूनच सुरू होतो. मग अंतर भलतंच दिसतं आणि माणूस म्हणतो, नकाशा चुकतोय.

दुसरं, बदललेली नावं. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं एका ठिकाणी नवी दिसतात, दुसऱ्या ठिकाणी जुनी. बुकिंगच्या साइटवर एक नाव सापडलं नाही तर दुसरं टाकून बघा. गाव नाहीच असं लगेच ठरवू नका.

आणि मोठ्या शहरात स्टेशन कुठलं, तेही आत्ताच ठरवा. दिल्ली म्हणजे नवी दिल्ली, जुनी दिल्ली, हजरत निजामुद्दीन की आनंद विहार? आपल्याकडून जाणाऱ्या गाड्या बहुधा निजामुद्दीनला थांबतात. तुमचं माणूस रोहिणीत राहत असेल तर तिथून पुढे आणखी तासभर धरा.

पायरी २: तिन्ही अंतरं एकदा कागदावर लिहा

सरळ रेषेतलं, रस्त्याचं आणि रेल्वेचं, अशी तीन अंतरं. कोल्हापूर–पुणे घ्या. सरळ रेषेत साधारण २०५ किलोमीटर. महामार्गाने २३० ते २३५. रेल्वेने ३२६. म्हणजे रेल्वे रस्त्यापेक्षा जवळजवळ शंभर किलोमीटर जास्त फिरते. मुंबईला तर रेल्वेचे ५१८ किलोमीटर भरतात आणि रस्त्याने पावणेचारशे ते तीनशेऐंशीत काम होतं.

दिल्लीचं असं. सरळ रेषेत साधारण १३६० किलोमीटर, रस्त्याने साडेसोळाशे ते सतराशे, आणि पुणे–मनमाड–भोपाळ मार्गे रेल्वेने १९०० च्या आसपास.

सरळ रेषेतला आकडा विमानाखेरीज कशालाच कामाचा नाही, पण एक उपयोग आहे. त्याला सव्वाने गुणलं की रस्त्याचं अंतर अंदाजे निघतं. कुणी सांगितलेला आकडा याच्यापेक्षा फारच कमी असेल तर सांगणारा बाता मारतोय असं समजा. फारच जास्त असेल तर मध्ये घाट, खाडी, नाहीतर आडवळणाचा लोहमार्ग आहे.

आडवळणाचा नमुना बघायचा असेल तर रत्नागिरी बघा. कोल्हापुरातून आंबा घाटाने सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. सकाळी निघून दुपारचं जेवण तिथे करता येतं. रेल्वेने जायचं म्हटलं तर आधी पुण्याकडे वर जा आणि पनवेलवरून कोकणात खाली या, नाहीतर लोंढ्यावरून मडगावला उतरा आणि तिथून वर या. सह्याद्री आडवा आहे, त्याला पार करून कोल्हापूरला कोकणाशी जोडणारी रेल्वे नाही. वैभववाडी–कोल्हापूर मार्गाच्या मंजुरीची बातमी आम्ही इतकी वर्षं वाचतोय की आता पेपरात दिसली तरी पान उलटतो.

पायरी ३: रेल्वे. इथे जरा थांबून वाचा

कोल्हापूरचं स्टेशन, म्हणजे छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, हे शेवटचं स्टेशन आहे. रूळ इथे संपतात. १८९१ साली मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत हा फाटा टाकला गेला आणि १९७१ मध्ये तो ब्रॉडगेज झाला, पण फाटा तो फाटाच राहिला. त्यामुळे कुठेही जायचं असो, उत्तरेला दिल्ली की दक्षिणेला तिरुपती, गाडी आधी पूर्वेला मिरजेला जाणार. रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर करत सत्तेचाळीसेक किलोमीटर. साधारण एक तास. हा तास प्रत्येक हिशेबात धरायचाच.

मिरजेत आणखी एक गंमत होते आणि नवा माणूस हमखास दचकतो. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन मिरजेत या टोकाचं काढून त्या टोकाला लावतात. दहा-वीस मिनिटं गाडी उभी राहते, डब्याला एक धक्का बसतो आणि गाडी उलटी चालू लागते. आत्तापर्यंत तोंड पुढे करून बसलेला माणूस आता पाठमोरा प्रवास करू लागतो. खिडकीतून बघताना वाटतं, परत कोल्हापूरलाच चाललो की काय! पहिल्यांदा जाणारा घाबरून शेजाऱ्याला विचारतो आणि शेजारी भडंगाची पुडी सोडत म्हणतो, "बसा निवांत, सांगली येतीय आता." पंढरपूर–कुर्डूवाडीकडे जाणाऱ्या गाड्यांना हा प्रकार नाही, त्या मिरजेतून सरळ पूर्वेला निघतात.

आता नागपूर. महाराष्ट्र एक्सप्रेस रोज कोल्हापूरहून गोंदियाला जाते. एकाच राज्यात राहून तेराशेच्या वर किलोमीटर धावणारी ही गाडी मिरजेवरून पुणे, मग दौंड, अहिल्यानगर, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा करत नागपूरला पोचते. म्हणजे महाराष्ट्राच्या नकाशावर आधी डावीकडून वर आणि मग उजवीकडे असा मोठा वळसा. नागपूरपर्यंत १२१५ किलोमीटर आणि जवळपास एक अख्खा दिवस. गोंदियापर्यंत अठ्ठावीस तासांच्या आसपास. म्हणजे ताशी सरासरी पन्नासच्याही आत. याशिवाय मिरजेवरून पंढरपूर, कुर्डूवाडी, लातूर अशा आतल्या मार्गाने नागपूरला जाणारी गाडी आहे. तिचं अंतर बरंच कमी, पण ती रोज नाही. तुमच्या तारखेला ती असेल तर आधी तिचाच विचार करा.

वेळापत्रक वाचताना हे बघायचं.

गाडीची जात. भारतीय रेल्वेत सरासरी वेग ताशी ५५ किलोमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर तिला सुपरफास्ट म्हणतात. म्हणजे "सुपरफास्ट" ऐकून शंभरच्या वेगाचं गणित करू नका. साध्या एक्सप्रेसला ४५ ते ५०, सुपरफास्टला ५५ ते ६५ धरा आणि रेल्वेच्या किलोमीटरला भागा. कोल्हापूर–पुणे वंदे भारत, जी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, तीसुद्धा ३२६ किलोमीटरला सवापाच तासांच्या आसपास घेते. भागाकार करून बघा, साठाच्या थोडं वर. गाडीचा दोष नाही, मार्गच वळणावळणाचा आहे.

वार. गाडी "मंगळवारी" धावते असं लिहिलेलं असतं, ते ती जिथून सुटते त्या स्टेशनचं असतं. लांबून येणाऱ्या गाडीत तुम्ही मिरजेत चढणार असाल तर तोवर बुधवार उजाडलेला असू शकतो. वेळापत्रकात वेळेशेजारी दिवस १, दिवस २, दिवस ३ असा रकाना असतो. तो न बघता वेळ बघणं म्हणजे अर्धंच बघणं.

मध्यरात्र. रेल्वेची वेळ चोवीस तासांची. रविवार ००:२० म्हणजे आपल्या बोलण्यातली शनिवारची रात्र. रविवारी रात्री जेवून-खाऊन स्टेशनवर गेलात तर गाडी जाऊन चोवीस तास होत आलेले असतात. तिकिटावरची तारीख बघून घरच्यांना "शनिवारी रात्री निघतोय" असं सांगा, म्हणजे कुणाचाच घोळ होत नाही.

आरक्षण. प्रवासाच्या दिवसाआधी ६० दिवस खुलं होतं. पूर्वी १२० दिवस होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. तत्काळ एक दिवस आधी, एसीसाठी सकाळी १० आणि स्लीपरसाठी ११ वाजता. हा "एक दिवस" पण गाडी सुटण्याच्या मूळ स्टेशनवरून मोजतात. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगमध्ये राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि त्यावर गाडीत चढता येत नाही. आरएसी असेल तर चढता येतं, फक्त बाकावर अर्धी जागा. दिवाळीत विदर्भाकडच्या गाड्यांचं वेटिंग बघून हबकायला होतं, तेव्हा ६०व्या दिवशी सकाळी उठा.

दिल्लीला कोल्हापुरातून थेट निजामुद्दीनला जाणारी गाडी आहे, पण आठवड्यातून एकदाच. बाकीच्या दिवशी मिरज गाठा. वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्सप्रेस रोज मिरजेवरून जाते. जाणती माणसं म्हणूनच कोल्हापूरहून "गाडी नाही" असं बघून थांबत नाहीत, मिरजेहून शोधतात. स्टेशनच्या खान्यात कोल्हापूरसाठी केओपी आणि मिरजेसाठी एमआरजे, हे दोन्ही कोड टाकून बघायची सवय लावून घ्या.

मिरजेत गाडी बदलताना मध्ये किती वेळ ठेवायचा? दिवसा दीड तास, रात्री दोन. कोल्हापूर–मिरज पॅसेंजर बहुतेकदा वेळेवर असते, पण एकेरी वाटेवर समोरून गाडी येत असेल तर ती वाटेत उभी राहते. एसटीने मिरजेला जायचं तर स्टँडपासून रेल्वे स्टेशनपर्यंतची रिक्षाही धरा. दोन वेगळी रेल्वे तिकिटं असतील तर बुक करताना पीएनआर एकमेकांना जोडण्याची सोय वापरा. पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे परत मिळायला सोपं जातं.

पायरी ४: रस्ता

नकाशातली वेळ ही मोटारीची असते, बसची नाही, आणि तीही तुम्ही बघताय त्या क्षणाची. रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून पुण्याची वेळ बघितली तर चार तास दिसतात. तीच शुक्रवारी संध्याकाळी पाचला बघा. नकाशात निघायची तारीख-वेळ टाकायची सोय असते, ती वापरा.

पुण्याकडे जाताना किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हे चार टोलनाके लागतात. प्रवास कुठवर आला हे मोजायला याच खुणा वापरायच्या. किणी गेलं म्हणजे कोल्हापूर सुटलं, तासवडे म्हणजे कराड मागे पडलं, आनेवाडी म्हणजे सातारा झालं, आणि खेड शिवापूर म्हणजे आता पुण्याच्या वाहतुकीत अडकायची तयारी करा. खंबाटकी घाटात एखादा ट्रक बंद पडला की अर्धा-पाऊण तास सहज जातो. महामार्गाच्या सहापदरीकरणाची कामं चालू असताना जागोजागी सेवा रस्त्यावर उतरावं लागतं. कागदावर साडेचार तास असले तरी एसटीने पाच ते सहा धरा. ही माझी धरायची पद्धत आहे. कमी लागले तर स्वारगेटला चहा पिऊ.

इतर रस्त्यांसाठी ढोबळ वेग असे धरतो: चौपदरी महामार्गावर थांबे धरून ताशी ५५ ते ६०, दुपदरी राज्यरस्त्यावर ४० ते ४५, घाटात ३० पेक्षा जास्त नाही. बसला याच्यातून आणखी पाच-सात कमी.

नागपूरला रस्त्याने दोन वाटा आहेत. एक आतली. सांगली–मिरजेवरून सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा. रत्नागिरी–नागपूर महामार्ग म्हणतात तो हाच. आठशेच्या आसपास किलोमीटर. दुसरी पुण्यावरून अहिल्यानगर, तिथून वर जाऊन समृद्धी महामार्गाला लागायचं. समृद्धी जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. ही वाट शंभर-सव्वाशे किलोमीटर जास्त पडते, पण एकदा समृद्धीवर चढलात की मोटारीला १२० ची वेगमर्यादा आहे. पुण्यातून बाहेर पडायला लागलेला वेळ तिथे भरून निघू शकतो. दुचाकीला समृद्धीवर बंदी आहे, बुलेटवरून घरी जायचा बेत असेल तर आतलीच वाट. मला विचाराल तर एकट्याने गाडी चालवणाऱ्याने आतली वाट घ्यावी आणि नांदेडला मुक्काम करावा. समृद्धीच्या सरळ रस्त्यावर दुपारी डोळा लागतो. आणि अजून न झालेल्या नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाने किती तासांत पोचता येईल हा हिशेब आत्ता करू नका. त्या रस्त्यावरून सध्या फक्त मोर्चे निघतात.

ट्रॅव्हल्सने जाणार असाल तर गाडी कुठून धरायची ते तिकीट काढतानाच ठरवा. सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाच्या आसपास बऱ्याच ट्रॅव्हल्सची ऑफिसं आहेत. बंगळूर किंवा पुण्याहून येणाऱ्या गाड्या शहरात येतातच असं नाही. त्या महामार्गावर तावडे हॉटेलजवळ थांबतात. नवख्याला वाटतं हॉटेलात जायचं आहे. तसं नाही, "तावडे हॉटेल" ही कोल्हापूरची वेसच समजा. रात्री साडेदहाला रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं हे मात्र फोन करून विचारा. पुण्याकडची बाजू वेगळी, बेळगावकडची वेगळी, आणि बॅगा घेऊन महामार्ग ओलांडणं जिवावरचं काम आहे. तिकिटावरची वेळ दहा पन्नास असेल तर साडेदहाला तिथे असा, आणि गाडी सव्वाअकराला येईल असं मनाशी धरा.

पायरी ५: ऊस, पाऊस आणि जत्रा

हे कुठल्याही नकाशात नसतं.

नोव्हेंबर ते मार्च साखर कारखान्यांचा हंगाम. संध्याकाळनंतर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागे दिवा नाही, उसाची टोकं दोन्हीकडे बाहेर. हातकणंगले, शिरोळ, कागल या भागांतल्या दुपदरी रस्त्यांवर ओव्हरटेक करायला जागा मिळेपर्यंत मागून रांगत जावं लागतं. या दिवसांत मिरजेला रस्त्याने जाऊन गाडी धरणार असाल तर अर्धा तास जादा.

जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायची. कोल्हापूरकर त्या दिवसांत क्रिकेटचा स्कोअर बघावा तशी ती बघतो. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ ओलांडून पाणी वाढतंच असेल तर पुढच्या दोन दिवसांचा प्रवास आजच करा, नाहीतर पुढे ढकला. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन पुणे–बंगळूर वाहतूक बंद पडली होती, रेल्वेही थांबली होती. अशा वेळी पुणे २३० किलोमीटर नसतं, पुणे नसतंच. कोकणाकडे जाणारे गगनबावड्याचे आणि आंब्याचे रस्तेही पावसात पाण्याने किंवा दरडीने बंद होतात, त्यामुळे "दुसऱ्या वाटेने जाऊ" हा भरवसा धरू नका. विमानाचं किंवा मुलाखतीचं पक्कं काम असेल तर पाणी चढायच्या आत पुण्यात जाऊन राहा.

चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, नवरात्रात अंबाबाईला गर्दी, गणपतीत मुंबईहून येणारे. या दिवसांत शहरातून बाहेर पडायलाच वेळ लागतो. राजारामपुरीतून स्टेशनला रिक्षाने निघालात तर परीख पूल मध्ये आहे. एरवी दहा मिनिटांचा रस्ता, पण पुलाखाली कोंडी झाली तर बॅग खांद्यावर टाकून चालत जाणारा तुमच्या आधी पोचतो. मुसळधार पावसात तिथे पाणीही साठतं. गाडीच्या वेळेआधी पाऊण तास घर सोडायचं.

पायरी ६: विमान

उजळाईवाडीचं विमानतळ १९३९ सालचं, राजाराम महाराजांच्या काळातलं. शहरापासून नऊ-दहा किलोमीटर. इथून कुठल्या शहरांना कुठल्या वारी विमान आहे हे हंगामागणिक बदलत राहतं, त्यामुळे मित्राने गेल्या वर्षी सांगितलेल्या मार्गावर विसंबू नका, विमान कंपनीच्या साइटवर स्वतः बघा. थेट विमान मिळालं तर बाकी सगळा हिशेब सोडून तेच घ्या. मिळालं नाही तर पुणे, बेळगावचं सांबरा, गोव्यातलं मोपा किंवा दाबोळी, हैदराबाद किंवा मुंबई.

इथे लोक फसतात ते असे: "पुणे–दिल्ली दोन तास दहा मिनिटं" एवढंच वाचतात. आता कोल्हापुरातल्या राजारामपुरीपासून दिल्लीतल्या घरापर्यंत पूर्ण बेरीज करू.

घर ते तावडे हॉटेल आणि तिथली वाट बघणं, अर्धा तास. पुण्यापर्यंत सहा तास. स्वारगेटहून लोहगाव, वाहतूक धरून एक तास. विमानतळावर दोन तास आधी. देशांतर्गत विमानाचं बॅगेचं काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं आणि पुण्याची सुरक्षा तपासणीची रांग सकाळी लांब असते. विमानात सव्वादोन तास. उतरून बॅग मिळेपर्यंत पाऊण. दिल्लीत मेट्रो किंवा टॅक्सी, एक तास. एकूण साडेतेरा तास, त्यातले हवेत फक्त सव्वादोन.

तरी रेल्वेपेक्षा हे खूप कमी आहे. मिरजेतून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीनला तीस तासांच्या आसपास, त्याच्या मागेपुढे कोल्हापूर–मिरज, वाट बघणं आणि दिल्लीतला प्रवास धरून चौतीस-पस्तीस. पण स्लीपरचं तिकीट आणि विमानाचं तिकीट यांत फरक बराच असतो, आणि रेल्वेत रात्र झोपून जाते. विमानाने जाणाऱ्याचा दिवस पूर्ण जातो आणि झोपही होत नाही. सोबत आईवडील असतील, त्यांना गुडघ्याचा त्रास असेल, तर बस–रिक्षा–विमानतळाची रांग यापेक्षा थ्री-टायर एसीत खालचा बर्थ मला बरा वाटतो. एकटं असाल आणि रजा दोनच दिवसांची असेल तर विमानाशिवाय पर्याय नाही.

नागपूरला हीच बेरीज केली तर निकाल वेगळा लागतो. पुण्याहून नागपूरला विमान दीड तासाच्या आत-बाहेर, पण पुण्यापर्यंतचे आणि विमानतळावरचे तास जोडले की बारा होतात. रात्रीची स्लीपर ट्रॅव्हल्स आतल्या रस्त्याने सोळा-सतरा तासांत पोचवते. चार-पाच तासांसाठी किती पैसे मोजायचे ते ज्याचं त्याने ठरवावं. विद्यार्थ्यांना माझं सांगणं, महाराष्ट्र एक्सप्रेसचा स्लीपर. एक दिवस लागतो, पण खिसा शाबूत राहतो. डब्यात भाकरी आणि खर्डा घ्या, मनमाडपर्यंत टिकतो.

पायरी ७: परदेश असेल तर घड्याळ

मुंबई–दुबई हवेतून १९३० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे कोल्हापूर–दिल्ली रेल्वेच्या अंतराएवढंच. एकाला तीन-सव्वातीन तास, दुसऱ्याला सव्वा दिवस.

फक्त तिकिटावरच्या वेळा वजा करून प्रवासाची वेळ काढू नका, कारण सुटायची वेळ इथली असते आणि पोचायची वेळ तिथली. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईहून सकाळी १० ला निघालेलं विमान तिथे साडेअकराला पोचतं असं दिसलं तर प्रवास दीड तासाचा नाही, तीन तासांचा आहे. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत साडेचार तास मागे, कारण ते लोक उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात. आपल्याकडे वर्षभर एकच वेळ असल्यामुळे हे डोक्यात येत नाही.

आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोचायचं. मुंबईहून मध्यरात्री दोनचं विमान असेल तर अकराला विमानतळावर, म्हणजे कोल्हापुरातून सकाळी दहाच्या आत निघायचं. पुण्याच्या अलीकडचा तास, द्रुतगती मार्गावरचा बोरघाट आणि मुंबईतली संध्याकाळची गर्दी धरून आठ-साडेआठ तास, वर राखीव चार. कुणी म्हणेल, एवढा वेळ आधी कशाला? रिकामं बसायला लागलं तर विमानतळावर बसा, वाशीच्या पुलावर नको. आणि मध्यरात्री दोनचं विमान म्हणजे तारीख दुसऱ्या दिवसाची. १५ तारखेच्या तिकिटासाठी कोल्हापूर सोडायचं ते १४ च्या सकाळी.